बांधाखालचा पोयटा

मे महिन्यात कैलासनं मळईतली माती विकली, तेव्हा त्याचा बाप घरी नव्हता. हौशीराम मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आंबीला लेकीकडं गेला होता. डोळ्याला धूळ लागू द्यायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून राजेश्वरीनं बापाला ऑपरेशन झाल्यावरही ठेवून घेतलं.

परंदवडीत पवनेच्या काठाला जमीन पायऱ्यांनी उतरत गेली आहे. अगदी नदीलगतची पायरी चिकण. ओली असली की नांगर धरून ठेवते, वाळली की भेगांत मनगट जातं. सगळ्यात वरची, रस्त्याकडची पायरी मुरमाड. मधल्या दोन पायऱ्या मात्र पोयट्याच्या. ना घट्ट, ना भुसभुशीत. ही माती पाणी धरते पण तुंबवत नाही. या दोन पायऱ्यांना गावात मळई म्हणतात. त्यातली खालची हौशीरामची, वरची भागुबाईची. दोन्हींच्या मध्ये भागुबाईच्या नवऱ्यानं, नथूनं, हातानं रचलेला दगडी बांध होता. नथू जाऊन बरीच वर्षं झाली होती. भागुबाईचा मुलगा संदेश आंबीला कंपनीत होता आणि वावर म्हातारी एकटीच बघायची.

कैलासची पिकअप होती. लोणावळ्या-खंडाळ्याच्या बंगल्यांना तो कुंड्या, खत, रोपं पोचवायचा. तिथंच त्याची विक्कीशी ओळख झाली. विक्की बंगल्यांना लॉन लावून द्यायचा. चांगली माती मिळत नाही, अशी त्याची नेहमीची तक्रार. एक दिवस कैलास त्याला मळईत घेऊन आला.

विक्कीनं बूट काढले नाहीत. मूठभर माती उचलली, पाण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी ओतलं आणि तळहातावर मळली. आधी गोळा केला. मग अंगठ्यानं दाबत बोटावरून तिची पट्टी पुढं सरकवत नेली. पट्टी थोडी लांब झाली आणि आपल्या वजनानं तुटली.

"रेती जास्त असती तर गोळाच झाला नसता," विक्की म्हणाला. "आणि चिकण असती तर पट्टी तुटलीच नसती. हा मधला पोयटा. असा लोणावळ्यात औषधालाही मिळत नाही. किती खोल आहे?"

"आमच्या आज्यानं हीर खांदली तवा पुरुषभर लागलता म्हनं," कैलास म्हणाला. ते खरं नव्हतं. विहीर नदीकडच्या पायरीवर होती. पण आपल्या मातीचं कौतुक होत होतं आणि कैलासच्या तोंडातून ते आपोआप निघून गेलं.

रेणुकानं, त्याच्या बायकोनं, रात्री एवढंच विचारलं, "आबांना सांगितलं का?"

"वरची हातभर तर काढायची. खालीबी तीच हाय. सांगतो मी."

तीही पुढं बोलली नाही. घरावर स्लॅब घालायचा विषय तीच दोन वर्षं काढत होती.

जेसीबी आला, डंपर आले. पहिल्या हातभर थराखाली आणखी हातभर पोयटा निघाला. तोही गेला. त्याखाली पिवळसर मुरूम लागला, तेव्हा यंत्र सरकत बांधापाशी आलं. बांधाच्या पायथ्याला माती सगळ्यात जास्त होती. वरच्या वावरातून वर्षानुवर्षं झिरपून आलेला बारीक गाळ तिथं साठला होता, गुळासारख्या रंगाचा.

"बांधाला कड सोडा हं," विक्की म्हणाला. "दोन हात तरी."

कैलासनं त्या रंगाकडं पाहिलं. "घ्या," तो ड्रायव्हरला म्हणाला. "बांध दगडाचा हाय. जातोय कुटं?"

भागुबाई वरून बघत होती. तिच्या डोक्यावर भाताच्या रोपांसाठी राब भाजायच्या पाल्याचा भारा होता. तो खाली न टाकताच ती म्हणाली, "कैलास, बांधाचं पाय उगडं पडलं की रं."

"पावसाच्या आदी भरून घेतो, मावशी."

"घे बाबा," ती म्हणाली आणि गेली.

हौशीराम मृगाच्या तोंडावर परत आला. डोळ्यांना काळा चष्मा होता. कैलासनं त्याला 'जरा सपाटी केलीया' एवढंच सांगितलं. म्हातारा दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच मळईकडं निघाला, तसा कैलास मागोमाग गेला. हौशीरामनं बांधावर चपला काढल्या. वावरात तो कधीच चपला घालून गेला नव्हता. पाय ठेवला आणि थांबला. दुसरा पाय ठेवला. मग चुकीच्या वावरात आल्यासारखं चष्मा वर करून इकडंतिकडं बघितलं. काठी जमिनीत दाबली. ती रुतली नाही. खडा वाजला.

"कुटं गेली?" त्यानं विचारलं.

"खंडाळ्याला. बंगल्यावर."

"समदी?"

हौशीराम खाली बसला, मुरूम मुठीत घेऊन चोळला आणि मूठ उघडली. सगळं बोटांतून गळून गेलं. तळहाताला काही चिकटलं नाही. तो हात धोतराला पुसायचीही गरज नव्हती, तरी त्यानं पुसला.

"आन भागूच्या बांधाखाली काय ठेवलंस?"

"दगड आनून भरनार हाय. जेसीबी मोकळा झाला की."

जेसीबी मोकळा झाला नाही. कैलासनं दोनदा फोन केला आणि मग पाऊस लागला.

भात लावायचं तर होतंच. पण मुरमात चिखल होईना. पाणी सोडलं की तासाभरात खाली निघून जाई. चिखलात दोन बोटं घालून रोप टेकवायचं, तर इथं बोटं खड्यांवर आपटायची. रेणुकाची नखं फाटली. तिनं बोटांना चिंध्या बांधल्या आणि लावणी पुरी केली. वर भागुबाईच्या वावरात बायका गुडघाभर चिखलात उभ्या राहून इंद्रायणी भात लावत होत्या. त्यांचं बोलणं खाली ऐकू येत होतं. खाली आल्यावर त्यांच्यातलं कुणी रेणुकाच्या बोटांकडं बघून काही बोललं नाही, आणि रेणुकाला तेच जास्त लागलं.

आषाढात सलग पाऊस लागला. एका सकाळी कैलास उठून बघतो तो बांध नव्हता. मध्यावर दगड पसरले होते आणि भागुबाईचं निम्मं वावर घसरून त्याच्या वावरात आलं होतं. लावलेल्या रोपांसकट आलं होतं. काही रोपं तशीच उभीच्या उभी, जणू त्याच्याच रानात कुणी लावून दिल्यासारखी. गढूळ पाणी त्याच्या वावरातून वाहत खालच्या पायरीवर आणि तिथून पवनेत चाललं होतं. भागुबाई वर कडेला उभी होती. अंगावर पोत्याची खोळ होती.

पंचनाम्याला तलाठी आला तेव्हा गावातली चार माणसं जमली होती. संदेश रजा काढून आला होता. हौशीराम काठी टेकवून उभा होता.

"बांध कशानं गेला?" तलाठ्यानं विचारलं.

मग कैलासच बोलला. "पावसानं, साहेब. लय पाऊस झाला ना औंदा."

"हे खालचं खोदलेलं दिसतंय."

"खोदलेलं न्हाई. सपाटी केलती. ती मागंच झालीया."

तलाठ्यानं भागुबाईकडं पाहिलं. "मावशी, तुमचं काय?"

भागुबाईनं कैलासकडं पाहिलं. नंतर हौशीरामकडं. हौशीरामनं तोंड उघडलं होतं. विनापरवाना माती काढल्याचा दंड किती होतो हे त्याला ठाऊक नव्हतं, पण होतो हे ठाऊक होतं. त्यानं तोंड मिटलं आणि काठीच्या टोकाकडं बघत राहिला.

"त्यो सांगतोय ना," भागुबाई म्हणाली. "लिवा तसंच."

तलाठ्यानं अतिवृष्टी लिहिलं.

चार दिवसांनी अतुलच्या टपरीवर कैलास चहाला थांबला. कुणीतरी म्हणालं, "कैलासला द्येव पावला बघा. एक थर इकला, तर वरनं दुसरा फुकटात आला." सगळे हसले. कैलासही हसला. चहा अर्धा सोडून तो पिकअपमध्ये बसला, पण बराच वेळ चावी फिरवली नाही. कानशिलं तापली होती. आपण का हसलो ते त्याला कळेना.

श्रावण सरला तसं ते सगळ्यांना दिसायला लागलं. कैलासच्या वावरात मुरमावरचं भात पिवळं आणि वीतभर राहिलं. भागुबाईची माती जिथं पसरली होती तिथं मात्र ते गर्द हिरवं, पोटऱ्यांना लागेल एवढं. रस्त्यावरून ती हिरवी जीभ साफ दिसायची. वर भागुबाईच्या वावरात तेवढाच मोठा उघडा खड्डा. येणारा जाणारा मोटारसायकल हळू करून बघायचा. कैलास पिकअप घेऊन लांबच्या रस्त्यानं जायला लागला.

भात कापणीला आलं, तेव्हा हौशीराम म्हणाला, "तेवढं तिच्या खळ्यावर टाक. ते तिचं हाय."

रेणुकानं भारे बांधले आणि डोक्यावरून नेले. भागुबाई अंगणात सूप घेऊन बसली होती. "ठिव तितं," ती म्हणाली. रेणुकानं ठेवलं. उभी राहिली. "बस" किंवा "जा" काहीच आलं नाही, तेव्हा ती परत आली.

संदेश कापणीसाठी गावी आला होता. त्या संध्याकाळी कैलास त्याच्याकडं गेला. भागुबाईची वस्ती घरापासून हाकेच्या अंतरावर होती, पण शाळेतल्या दिवसांनंतर त्यानं त्या अंगणात कधी पाय ठेवला नव्हता. संदेशनं खुर्ची दिली. आतून चहा आला.

"मी तक्रार करणार नाही, कैलासभाऊ," संदेश म्हणाला. "तुम्ही त्यासाठी आला असाल तर काळजी नका करू. आईच नको म्हणाली. रोज शेजारी शेजारी काम करायचंय, म्हणाली."

कैलास त्यासाठी आला नव्हता. पण नक्की कशासाठी आला होता हेही त्याला धड सांगता येईना. "माती वर चढवून देतो," तो शेवटी म्हणाला. "बांधबी रचून देतो."

"आईला विचारा. वावर तिचं आहे."

भागुबाई दारातच होती. "चढीव," ती म्हणाली. "पर जेसीबी नगं. त्यो आनलास तर मी आडवी पडंन."

दिवाळी उरकली आणि घरातली तिघंही कामाला लागली. आधी दगड. पडलेले दगड निवडून कैलासनं पाया मुरमात खोल नेला आणि त्यावर एकेक थर रचला. हौशीराम बसून सांधीत दगडाच्या बारीक चिपा ठोकायचा. मग माती. कैलास टिकावानं उकरायचा, फावड्यानं पाटी भरायचा, रेणुका आणि तो आळीपाळीनं डोक्यावर घेऊन चढायचे. चुंबळ घातली तरी दुपारपर्यंत मान ताठायची. रेणुकाच्या टाळूवरचे केस गळाले. रात्री ती कुशीवर वळताना मानेला हात लावून वळायची. पिकअपचे फेरे बुडाले. एका बंगल्यानं दुसरा माणूस बघितला.

रस्त्यावरनं लोक बघायचे. एकदा भावकीतला निवृत्ती सायकल उभी करून खाली उतरला.

"हौशीभाऊ, ह्ये काय?" तो हळू आवाजात म्हणाला. "त्यांच्या वावरात आपल्या सुनंनं पाट्या टाकायच्या? चार मानसांत बरं दिसतं का? दोन पोती भात दिलं असतं तर मिटलं असतं."

हौशीरामनं चिप ठोकली. "माती गेलीया, निवृत्ती. भात न्हाई."

"तरीबी."

"तुला वाईट दिसत आसंल तर तू त्या वाटंनं जाऊ नगंस."

निवृत्ती गेला. कैलास ओठ दाबून पाटी भरत राहिला. आपला बाप आपली बाजू घेतोय की आणखी कसली, हे त्याला उमगलं नाही. तलाठ्यापुढं मिटलेलं ते तोंड त्या दिवसापासून हौशीराम त्याच्याशी बोलायला फारसं उघडत नव्हता.

बांधालगतची माती जवळ होती म्हणून त्यांनी आधी तीच चढवली. खड्डा चांगला भरत आला, तेव्हा समीक्षा, गावाची कृषी सहायक, माती परीक्षणाचे नमुने घ्यायला आली. तिनं नवीन भरलेल्या जागची माती ओली करून मळली. गोळा होईना. बोटं मिटली की फुटायचा.

"ही कुठून आणली?" तिनं विचारलं.

कैलासनं बांधाखालची जागा दाखवली.

"ही नुसती रेती आहे, भाऊ. पाणी माती वाहून नेतं ना, तेव्हा ती निवडत नेतं. जड ते आधी टाकतं. रेती बांधापाशी राहिली. बारीक गाळ पुढं, तुमच्या वावराच्या मध्यावर. आणि चिकण तर पाण्यात तरंगत नदीला गेली."

"मग ही?"

"हिच्यात पाणी थांबणार नाही. पोयटा म्हणजे तिन्ही एकत्र. यातलं एक गेलं की तो पोयटा राहत नाही, दुसरीच जात होते."

रेणुका पाटी घेऊन चढत होती. ती तिथंच थांबली, पाटी डोक्यावर तशीच. भागुबाई शेजारी बसून रेती बोटांनी चाळत होती.

"मंग काढा ती," भागुबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. सकाळचं काम चुकलं तर घरातल्याला सांगावं तसं ती बोलली.

त्यांनी ती काढली. वर चढवलेली तीच रेती पुन्हा खाली. मग कैलासच्या वावराच्या मध्यावरून, जिथं भात गर्द आलं होतं तिथून, बारीक माती खरवडून वर. वीतभर उकरलं की मुरूम लागायचा, इतका तो थर पातळ होता. चिकण कमी पडली ती त्यांनी नदीकडच्या पायरीवरून आणली, ढेकळं फोडून, बारीक करून. रेती, गाळ, चिकण, वर शेणखत. थरावर थर देऊन कुदळीनं खालीवर करायचं. भागुबाईही कुदळ घेऊन उतरली. ती सावकाश, पण न थांबता खणायची. मध्येच मूठ भरून थुंकी लावून चोळायची आणि म्हणायची, "अजून चिकन पायजे," किंवा "शेन घाला."

कैलासच्या स्वतःच्या वावरात आता काहीच उरलं नव्हतं. त्याच्याकडं बघायला त्याला वेळ नव्हता, आणि तेच बरं होतं.

भागुबाईनं हरभरा पेरला. थंडी पडली तसा तो उगवला. जुन्या मातीतला जोमदार, भरलेल्या तुकड्यातला फिक्का आणि विरळ. हद्द रेघ ओढल्यासारखी दिसत होती. कैलास रोज सकाळी त्या तुकड्याकडं जायला लागला, माती सुकली की पाणी द्यायचा. कुणी सांगितलं नव्हतं.

एक दिवस भागुबाई तिथं खुरपत होती. त्यानं पाटाचं दार फोडून पाणी वळवलं आणि थांबला.

"लय फरक पडला का, मावशी?"

"पडला की. उगवलं तर हाय." ती खुरपं चालवतच राहिली. "दोन-तीन सालं शेन घालावं लागंल. तुज्याकडं गुरं हायती. घाल."

"घालतो."

"माती आनून दिलीस ते बरं केलंस. दुसऱ्या कुनी केलं नसतं. बांधबी नीट रचलास. आमच्या मालकाचा हुता त्याच्यापरीस चांगला हाय."

कैलास खाली बघत राहिला. तो वळायला लागला.

"पर त्या दिवशी तू तलाठ्याला पावसानं म्हनालास," भागुबाई म्हणाली. "माज्यासमोर. मी हितं हुभी आन तू तिकडं बघून म्हनालास. बांध गेला त्याचं मला तेवढं वाटलं न्हाई. पाऊस हाय, माती हाय, जाती कधी कधी. त्ये मातर मी इसरनार न्हाई."

तिनं एक तण मुळासकट उपसलं, माती झाडली आणि बाजूला टाकलं. कैलासला वाटलं, हिनं शिवी द्यावी. ती दुसऱ्या ओळीला सरकली.

"पानी फुडं सरकव," ती म्हणाली. "हितं तुंबलंय."

त्यानं पाणी पुढं सरकवलं. चिखलाचे पाय धुऊन दुपारी घरी आला. रेणुकानं भाकरी वाढली होती. हौशीराम भिंतीला टेकून जेवत होता. आता त्याचे डोळे नीट झाले होते आणि त्याचं बघणं कैलासला जड जाई.

"भेटल्या का भागुमावशी?" रेणुकानं विचारलं.

"भेटल्या."

"काय म्हनाल्या?"

"माती आनली ते बरं केलंस म्हनाल्या. बांध चांगला रचला म्हनाल्या."

रेणुकाचा चेहरा उजळला. तिनं त्याच्या ताटात आणखी कालवण वाढलं आणि मान चोळत चुलीपाशी बसली. एवढे दिवस ती मानेला हात लपवून लावायची. हौशीरामनं भाकरीचा तुकडा मोडला आणि मुलाकडं बघत तो तसाच हातात धरला.

कैलासनं घास केला. तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला.

"अजून एक म्हनाल्या," तो म्हणाला.

चुलीपाशी रेणुकानं वळून बघितलं.

"तलाठ्याला मी खोटं सांगितलं, त्यांच्या तोंडावर. ते इसरनार न्हाई म्हनाल्या." त्यानं बापाकडं पाहिलं. "पावसानं न्हाई गेला बांध, आबा. विक्की कड सोड म्हनत हुता. मी म्हनलं घ्या. मीच म्हनलं."

चुलीतलं लाकूड रेणुकानं मागं ओढलं. हौशीरामनं हातातला तुकडा कालवणात बुडवला, खाल्ला, सावकाश चावला.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "तलाठ्यापुढं मीबी हुतो, गप ऱ्हायलो."

मग त्यानं आपल्या ताटातला कांदा उचलून कैलासच्या ताटात ठेवला.

"जेव," तो म्हणाला. "दुपारच्याला शेन भरायचंय. दोगं मिळून जाऊ. मीबी बोलतो तिच्याशी."

कैलास खाली मान घालून जेवायला लागला.